बँकेवर निर्बंध आले तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती, ठाणे

आईबाबांच्या सहकारी बँकेतून पैसे काढण्यावर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले त्याला बराच काळ लोटला, पण त्या सकाळची रांग डोळ्यांपुढून हलत नाही. अर्धवट वर ओढलेलं शटर, त्यावर चिकटवलेली नोटीस, आणि बाबा ठेवपावत्या धुतलेल्या दुधाच्या पिशवीत घालून उन्हात उभे. निवृत्तीचे सगळे पैसे एकाच शाखेत. का, तर घराजवळ आहे, कॅशियर नावाने हाक मारतो आणि ज्येष्ठांना व्याज थोडं जास्त मिळतं. तीन रात्री बाबांच्या डोळ्याला डोळा नव्हता. नातेवाइकांना सांगायचीही त्यांना लाज वाटत होती, जणू गुन्हा त्यांनीच केला होता.

तुमच्यावर किंवा घरच्यांवर अशी वेळ आली असेल तर लिहा. तेव्हा काय केलंत? आधी काय माहीत असायला हवं होतं?

डोंबिवली

मी सोसायटीचा खजिनदार होतो. सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखलेले पैसे) आणि दुरुस्ती निधी मिळून 38 लाख, सगळे एकाच सहकारी बँकेत. सोसायटी हा एकच ठेवीदार धरतात. पैसे चाळीस बिऱ्हाडांचे, पण बँक अडचणीत आली तर ठेवीदाराला मिळणारा विमा एकाच मर्यादेचा, हे मला निर्बंध लागल्यावर कळलं. गच्ची गळत होती. ठेकेदाराला दिलेला चेक परत आला. सभेत सगळे माझ्यावर तुटून पडले. ठेवीच्या ठरावावर त्यांच्याच सह्या होत्या, पण ते बोलून दाखवायची माझी हिंमत झाली नाही. तो पावसाळा वरच्या मजल्यावरच्यांनी ताडपत्रीखाली काढला.

निवृत्त बँक अधिकारी, पुणे

खजिनदारांचं वाचून वाईट वाटलं. ही माहिती काउंटरवरच्या माणसाने सांगायला हवी होती. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

ठेव विमा 1962 साली सुरू झाला तेव्हा मर्यादा 1,500 रुपये होती. 1993 पासून 1 लाख, आणि 4 फेब्रुवारी 2020 पासून 5 लाख. मुद्दल आणि व्याज दोन्ही यातच आले. त्यामुळे बरोबर 5 लाखांची ठेव ठेवली तर वरचं व्याज विम्याबाहेर जातं. एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांत पैसे विभागून काही साधत नाही, सगळ्यांची बेरीज होते. बँक वेगळी असेल तर मर्यादाही वेगळी. नवरा-बायकोचं संयुक्त खातं दोघांच्या स्वतंत्र खात्यांपासून वेगळं मोजतात. पूर्वी बँकेचा परवाना रद्द होईपर्यंत लोक विम्यासाठी वर्षानुवर्षं ताटकळत. 2021 च्या कायदादुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत रक्कम देण्याची तरतूद झाली. त्यासाठी केवायसी पूर्ण हवी आणि दुसऱ्या बँकेतला खाते क्रमांक द्यावा लागतो. रांगेत धक्के खाण्यापेक्षा हे कागद आधी तयार करा.

आणि पतसंस्थेला हा विमा लागू नाही. पाटीवर नाव कितीही मोठं असो, नाही म्हणजे नाही.

सांगली जिल्हा

शेवटचं वाक्य वाचून थांबलो. मी पतसंस्थेचा पिग्मी एजंट होतो, चौदा वर्षं. रोज संध्याकाळी बाजारपेठेतून फिरायचो. भाजीवाल्या मावशी पन्नास, चहावाला शंभर, शिंपीदादा वीस. मशीनची पावती कोणी वाचायचं नाही, माझ्या तोंडाकडे बघून पैसे द्यायचे.

संस्थेला कुलूप लागलं तेव्हा चेअरमन आणि संचालक गावात नव्हते. मी होतो. पहिल्या रात्री अंगणात तीसेक माणसं बसली होती. कोणी शिवी दिली नाही, याचाच जास्त त्रास झाला. भाजीवाल्या मावशींनी एवढंच विचारलं, "पोरीचं लग्न मार्गशीर्षात हाय, तोवर निघतील का रं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझी स्वतःची अनामतही तिथेच अडकली होती, पण ते कुणाला सांगणार?

बायकोच्या पाटल्या मोडून त्यांच्यापैकी चौघींचे पैसे दिले. बाकीच्यांचे देऊ शकलो नाही. आजही बाजारात जायचं तर मागच्या बोळाने जातो. विमा नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यांना सांगितलं असतं, आईशप्पथ.

नाशिक

मार्च 2020 मध्ये आमच्या खासगी बँकेतून पैसे काढण्यावर 50,000 ची मर्यादा आली. रात्रीत यूपीआय बंद, एटीएम कोरडी. दोन आठवड्यांच्या आत मर्यादा उठली, पैसा सुखरूप मिळाला. पण तेव्हापासून महिन्याच्या खर्चाचं खातं आणि ठेवींची बँक वेगळी ठेवली आहे.

कॅलिफोर्निया

मार्च 2023. शुक्रवारी, 10 तारखेला, आमच्या छोट्या कंपनीचं खातं असलेली बँक नियामकांनी ताब्यात घेतली. इथे विमा अडीच लाख डॉलरचा, आणि कंपनीकडे पगाराचे पैसे त्याहून कितीतरी जास्त. मी एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर. नोकरी गेली तर दुसरी शोधायला 60 दिवस. शनिवारी साताऱ्याला आईला फोन केला आणि हवापाण्याबद्दल बोलत राहिलो. रविवारी दुपारी सरकारने जाहीर केलं, सगळ्या ठेवी पूर्ण मिळतील. तेव्हा मी गाडीत होतो. गाडी बाजूला घेऊन रडलो.

त्या पिग्मीवाल्या काकांसाठी असं जाहीर करणारं कोणी नव्हतं, हे वाचल्यापासून मनात घोळतंय.

धागाकर्ती, ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना विम्याचे 5 लाख मिळाले. वरच्या रकमेच्या पावत्या अजून त्याच पिशवीत आहेत. सगळ्या ठेवी एकट्या बाबांच्या नावावर होत्या. त्यातल्या काही आईच्या नावावर असत्या तर तिचेही 5 लाख सुटले असते. आईला आमच्याकडे पैसे किती नि कुठे, हे त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. आता स्वयंपाकघरात एक वही आहे, ठेवींच्या तारखा तीच लिहिते.

काल सांगलीच्या काकांचा अनुभव बाबांना वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपल्या त्या कॅशियरचं काय झालं गं? त्यालाही दोन मुली होत्या." आज दुपारी आम्ही दोघं त्यांचं घर शोधायला निघालोय.