बेसाचा प्लॉट (नागपूर): नकाशा अन् एलिव्हेशन

दादा: घ्या, एलिव्हेशन आलं, म्हणजे घर समोरून कसं दिसणार ते चित्र. खाली तळमजल्याचा नकाशा पण टाकला आहे. ३० बाय ५० चा प्लॉट, रोड पश्चिमेला. नीट पाहून सांगा, पुढच्या आठवड्यात मंजुरीला टाकायचा आहे, मग म्हणू नका की आम्हाला विचारलं नाही

आत्या (पुणे): वा! मस्तच दिसतंय रे

बाबा: हे घर आहे की बँकेची ब्रांच

दादा: बाबा आजकाल असंच चालते. डबल हाइट काच, बाजूला काळं-ग्रे पॅनल. मनीषनगरात एक चक्कर मारून या

वहिनी: ती काच पुसायला वर कोण चढणार ते पण एलिव्हेशनमधे दाखवायला सांगा

पिंकी: दादा, ही काच पूर्ण पश्चिमेला आहे रे. मे महिन्यात साडेचार वाजता त्या सोफ्यावर बसून दाखव. आपल्याकडे २०१३ च्या मे मधे ४७.९ गेला होता पारा, तेव्हा तू मोठ्या बाबांकडे कूलरसमोर पडून राहायचा, विसरला का

दादा: वर दोन फुटाचा छज्जा आहे ना. फिल्म पण लावू

पिंकी: छज्जा दुपारच्या उन्हाला चालते, म्हणजे ऊन डोक्यावर असते तेव्हा. संध्याकाळी सूर्य खाली उतरला की तो छज्ज्याच्या खालून सरळ आत येते, तिथं तुझा छज्जा चार फुटाचा केला तरी काही कामाचा नाही. अन् त्यात काळं पॅनल. तवा आहे तो तवा

मोठे बाबा: नमस्कार. नकाशा पाहिला. मास्टर बेडरूम नैऋत्येला पाहिजे, आर्किटेक्टनं नैऋत्येला जिना दिला आहे ते काहून? कुटुंबप्रमुखाची खोली नैऋत्येलाच असते. देवघर ईशान्येला अन् स्वयंपाकघर आग्नेयेला आहे ते ठीक. बाकी लहानांनी ठरवावं

बाबा: मोठे दादा, नैऋत्य म्हणजे तोच कोपरा ना जिथं दुपारी बारापासून सात वाजेपर्यंत ऊन असते. नऊ इंची भिंत दिवसभर तापते अन् रात्री अकराला आत सोडते. आपल्या महाल भागातल्या घरी तुमची खोली त्याच कोपऱ्यात होती, तुम्ही स्वतः उन्हाळाभर गच्चीवर झोपायचे

मोठे बाबा: तेव्हा गच्चीवर सगळेच झोपायचे

मी: मोठे बाबा एक विचारू का, नैऋत्येला जड वस्तू असावी असंच म्हणतात ना? मग जिना जड नाही का. सिमेंट, लोखंड, त्याच्याखाली स्टोअर, स्टोअरमधे आईची लोखंडी पेटी अन् गव्हाची कोठी

मोठे बाबा: जिना चालते. पण चढताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे पाहिजे

मी: चला एक झालं

वहिनी: आईंचा व्हॉइस मेसेज कोणी ऐकला का? सकाळपासून तसाच पडून आहे. मीच लिहून देते. त्या म्हणून राहिल्या की नकाशात सगळं आहे, कूलर कुठंच नाही

बाबा: बरोबर

दादा: एसी लावू ना सगळ्या खोल्यांना, आत्तापासून पाइप टाकून घेतो

वहिनी: अन् बिल? अन् आईंचे गुडघे एसीत दुखतात ते? दादासाहेब जरा नकाशा घेऊन बसा. आपला लोखंडी कूलर तीन बाय तीनचा आहे, स्टँडसकट खिडकीच्या बाहेर उभा राहते. त्याच्यामागून गवताच्या ताट्या बदलायला माणूस जायला पाहिजे, पाणी भरायला नळ पाहिजे, टुल्लू पंपाला पॉइंट पाहिजे. आत्ताच्या घरी बाजूला अडीच फूटच जागा आहे म्हणून दरवर्षी मार्चमधे तुम्ही दोघं भाऊ मिळून तो कूलर तिरपा करता अन् मग ओरडता

मी: अन् हवा बाहेर जायला समोरची खिडकी पाहिजे. कूलर हवा आत ढकलते, ती कुठून तरी निघाली पाहिजे, नाही तर खोलीत नुसता दमट वास अन् अंथरूण चिपचिप. आईच्या खोलीला नकाशात एकच खिडकी आहे, ती पण बाथरूमच्या भिंतीला चिकटून

पिंकी: हा पॉइंट खरंच महत्त्वाचा आहे, आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात पण कोणी कूलर दाखवत नाही ड्रॉइंगमधे. काकूंची खोली दक्षिणेला मधे घ्या. लोकं दक्षिणेला उगाच घाबरतात. नागपुरात मे च्या शेवटी सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असते, २६ मे ला तर सावलीच पडत नाही, त्यामुळे तेव्हा दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळपास लागतच नाही. अन् डिसेंबरमधे सूर्य खाली असते तेव्हा त्याच खिडकीतून ऊन आत येते. काकूंना थंडीत पाय शेकायला बाहेर खुर्ची टाकायची गरज नाही. कूलर पण त्याच बाजूला, तिथलं मार्जिन, म्हणजे कंपाउंडपर्यंतची मोकळी जागा, पाच फूट ठेवा

आत्या (पुणे): माझी खोली कोणती?

बाबा: तू आधी ये तर

दादा: मग उत्तरेची खिडकी मोठी करतो हॉलची, उत्तर तर थंडच

पिंकी: उन्हाळ्यात सूर्य मावळते ते पश्चिमेच्या उत्तरेकडं सरकून. म्हणून संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीत पण तिरपं ऊन घुसते. खिडकीच्या पश्चिम बाजूला दीड-दोन फुटाची उभी पट्टी काढायला सांग, आडव्या छज्ज्यानं ते अडत नाही

दादा: तू फी घेशील का

पिंकी: संत्रा बर्फी चालेन

मामा: उशिरा पाहिलं. जोत्याची उंची किती ठेवली? दीड फूट दिसून राहिली. चालणार नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, पहाटे आम्ही पलंगावर उभे होतो, फ्रिज आडवा होऊन तरंगत होता, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. बेसात तलाव नाही हे मला सांगू नका, पाणी आपली वाट शोधते. अन् सिमेंट रोड झाला की रोड वर अन् घर खाली, मग गेटमधे वाळूची पोती. रोडपासून अडीच फूट तरी घ्या

वहिनी: अडीच फूट म्हणजे पाच पायऱ्या. आई चढतीन का?

मी: रॅम्प द्यावा लागेन. पण एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे अडीच फुटाला ३० फूट. समोर तर दहा फूटच सोडले आहेत अन् तिथं गाडी

मामा: दोन टप्प्यात करा ना. अख्खा प्लॉट भरून रोडपेक्षा एक फूट वर घ्या, मग त्याच्यावर जोतं दीड फूट. गेटमधला एक फुटाचा चढ गाडीचाच, आई तर गाडीतूनच उतरते. वरच्या दीड फुटाला १८ फुटाचा रॅम्प, उत्तरेच्या बाजूनं कंपाउंडला लागून, हॉलच्या बाजूच्या दारात. भरताना मुरूम टाका, खोदून निघालेली काळी माती परत आत ढकलू देऊ नका, ठेकेदार हमखास ढकलते. काळी माती पावसाळ्यात फुगते अन् उन्हाळ्यात आकसते, मग फरशी पोटासारखी वर येते

बाबा: आपल्या आत्ताच्या कंपाउंडच्या भिंतीत त्यामुळेच हात जाईल एवढी भेग आहे. परवा प्लॉटवर खड्डा मारून पाहिला, साडेचार फूट काळी, मग मुरूम लागला. पाया मुरमापर्यंत न्यायचाच, तिथं पैसे वाचवणार नाही. काचेतून वाचवू

दादा: झालं. माझी काच गेली

पिंकी: काच नको म्हटलं, समोरची बाजू सजवू नको असं नाही म्हटलं. पोर्च खोल घे, दहा फूट, वरच्या मजल्याला टेराकोटाची जाळी, मागे झोपाळा. रंग पांढरट ठेव. धुळीनं मळते, पण तापत नाही. अन् ते गेटसमोरचं कडुनिंबाचं झाड नकाशात का नाही?

दादा: गेट तिथंच येते ना, ते काढावं लागेन

बाबा: झाड काढायला परवानगी लागते अन् मी अर्जावर सही करणार नाही. गेट चार फूट सरकव

आत्या (पुणे): बरोबर बोलतो बाबा

मोठे बाबा: कडुनिंब काढू नये

दादा: बरं सरकवतो. सोलर? सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी आहे, गच्चीवर आठ फूट उंच स्ट्रक्चर करू, खाली सावली पण होईन, वरच्या खोल्या कमी तापतीन

वहिनी: अन् आईंचं वाळवण? सरगुंडे सावलीत वाळवू का

दादा: अर्ध्या गच्चीवर सोलर, अर्धी आईची

बाबा: रविवारी प्लॉटवर या सगळे. चुन्याची फक्की आणतो, खोल्या जमिनीवर आखून पाहू, कागदावर दहा बाय अकरा म्हणजे किती ते कळत नाही. पलंग, कपाट अन् कूलर, तिन्ही आखायचे. दादा तू लांब टेप आणजो

दादा: सकाळी सातला ना?

बाबा: दुपारी चारला

दादा: बाबा एप्रिल आहे

वहिनी: मी पाण्याचा कॅन घेते. मोठ्या बाबांसाठी खुर्ची कोण आणून राहिलं?