अनुभव: घरची गाडी घेताना केलेला हिशेब खरा ठरला का?

लांबट_वही
परवा आमची गाडी गेली. म्हणजे विकली. २०१२ ची डिझेल. त्यातही दोन महिन्यांपूर्वीच नवीन एचएसआरपी (सुरक्षा नंबरप्लेटच्या) पाट्या लावून घेतल्या होत्या, असो. घ्यायला आलेला पोरगा म्हणाला कप्पा रिकामा करून द्या, तर आत पीयूसीच्या जुन्या चिठ्ठ्या, दगड झालेल्या आलेपाकाच्या वड्या आणि बाबांची लांबट वही. बाबा एसटीत अकाउंटला होते. गाडी चालवायला कधी शिकले नाहीत पण डावीकडे बसून टाकी भरली की तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये लिहायचेच, मागे गाड्या हॉर्न मारत असल्या तरी.

२०१२ आठवतंय ना? मे महिन्यात पेट्रोल एका रात्रीत साडेसात रुपयांनी वाढलं. पेट्रोल पंचाहत्तरच्या पुढे आणि डिझेल चाळिशीत. मी हट्टाला पेटलो की डिझेलच. त्याच मॉडेलच्या पेट्रोलपेक्षा लाखाने महाग. बाबांनी एवढंच विचारलं, वर्षाला किती फिरणार? मी छातीठोक, पंधरा हजार! ते म्हणाले तू ऑफिसला कंपनीच्या बसने जातोस, पंधरा हजार आणणार कुठून. म्हटलं लग्न झालं की फिरू. (झालं. नाही फिरलो.)

तेरा वर्षांत ५८,२०० किमी. २०१४ च्या ऑक्टोबरात सरकारने डिझेलचे भाव मोकळे सोडले आणि फरक आटत गेला, त्या तारखेला वहीत लाल रेघ आहे. बाबांच्या अक्षरातलं शेवटचं पान २०२२ चं, त्यावर "सर्विसिंगचा जादा खर्च वजा जाता १,०५,००० पैकी वसूल ८३,६००. बाकी २१,४००." त्या दिवाळीनंतर ते गेले. मला एकदाही बोलून दाखवलं नाही हो.

आता परत गाडी घ्यायचीय. तुमचे हिशेब सांगा, चुकलेले आधी. कंपन्यांची नावं घेऊन भांडू नका प्लीज.

मनीमाऊ
वाचून कसंतरीच झालं. आमचे पप्पा पण असेच, फक्त दुधाचा हिशेब.

कात्रजचा_बोगदा
लांबटराव तुम्ही तरी सुटलात, जुनी डिझेल होती. मी बीएस-६ (धुराच्या नव्या कडक नियमांची) डिझेल घेतली २०२१ ला. घर ते ऑफिस ४ किमी. आठ महिन्यांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा. सर्विसवाला म्हणे डीपीएफ चोंदलाय, म्हणजे धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो सायलेन्सरच्या लायनीत, तो आपोआप जळून साफ व्हायला गाडी बराच वेळ सलग वेगात पळावी लागते आणि माझी तर गरम व्हायच्या आत पार्किंगमध्ये. हे विकताना एकाने सांगितलं नाही. म्हणून आता दर रविवारी सकाळी गाडीला खेड शिवापूरकडे फिरवून आणतो, कुत्र्याला नेतात तसं. डिझेल जाळायचं कशाला तर डिझेलचा फिल्टर साफ करायला. वर मिसळ खातो ती वेगळी, बायकोने ती पण रनिंग कॉस्टमध्ये धरलीय.

चिमणराव_नव्हे
😂😂 कुत्र्याला नेतात तसं

वैशाली_नाशिक
सीएनजी. भावाने सांगितलं घे. किमीला साडेतीन-पावणेचार पडतं, पेट्रोलला सहा, हिशेब खराच आहे मी नाही म्हणत नाही. पण डिकीत टाकी. गणपतीला चिपळूणला जाताना सासूबाईंच्या मांडीवर मखराचा थर्माकोल (तेव्हा चालायचा), माझ्या मांडीवर मुलगी, मुलीच्या मांडीवर मोदकाचं पात्र. आणि पंपावरची रांग! पाऊण तास थांबून नंबर आला तर तो म्हणतो प्रेशर नाही. दुसऱ्या वेळी म्हणतो टाकीची हायड्रोटेस्टची (पाण्याच्या दाबाने तपासणीची) तारीख संपलीय, गॅस भरणार नाही. दर ३ वर्षांनी करावी लागते हे आमच्या ह्यांना माहीतच नव्हतं, पाटी बघितलीच नव्हती कधी. वाचलेल्या पैशात मी रांगेतल्या वेळाचे पैसे धरले तर मीच गॅस कंपनीला देणं लागते. बाकी नंतर लिहिते कुकर

उद्यमनगरी
भावा मायलेज बियलेज सोड. गाडी कुठली घ्यायची? जिचा पार्ट गावात मिळतोय ती. विषय संपला. मी भारी दणकट गाडी घेतलेली, दरवाजा लावला की तिजोरी लावल्यासारखा आवाज. इंजिनला तोड नाही आजबी. तीन वर्षांनी कंपनीनं इथला गाशा गुंडाळला, शोरूमच्या जागी आता साड्यांचं दुकान. पुढचं एका बाजूचं सस्पेन्शन गेलं तर पार्टला पाच आठवडे. उद्यमनगरातला आमचा मिस्त्री म्हणजे लेथवर विमान बनवंल असला माणूस, त्यानं बी हात जोडले. पाच आठवडे बायको स्कुटीवर आणि मी बायकोच्या मागं.

ताईसाहेब_ठाणे
सेकंडहँड घेणाऱ्यांनी फक्त मीटर बघू नका एवढंच सांगते. मीटर ३८ हजार, गाडी चकाचक, एजंट म्हणे डॉक्टरांची आहे (सगळ्या सेकंडहँड गाड्या डॉक्टरांच्याच कशा असतात??). आमच्या सोसायटीतले गॅरेजवाले काका आले, बॉनेट उघडलंच नाही त्यांनी, वाकून क्लचच्या पेडलवर बोट फिरवलं. रबर गुळगुळीत. मग स्टिअरिंग, तेही झिजलेलं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा नि पुढचे दोन वर्ष, ते गाडीपेक्षा चार वर्षांनी नवीन. म्हणाले ताई ३८ हजारात कोणी चारही टायर बदलत नाही. सर्विस सेंटरला नंबर देऊन विचारलं तर शेवटची नोंद १,१२,००० ची! एजंटला सांगितलं तर हसून म्हणाला मॅडम किती द्यायचे बोला.

कात्रजचा_बोगदा
@ताईसाहेब_ठाणे मग किती दिले 😀

ताईसाहेब_ठाणे
नाही घेतली. काकांना मात्र आंब्याची पेटी.

पांढरी_८००
तुम्हा लोकांचं ऐकून हसू येतं. आमच्या वेळी हिशेब नव्हताच, नंबर लावायचा आणि वाट बघायची. ८०० आली १९८३ च्या डिसेंबरात, आमच्या घरी यायला ८९ उजाडलं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, त्यात आम्ही सोलापूरहून तुळजापूरला मोठी सहा नि पोरं तीन. घाटात पोरांना उतरवायचो आणि वर गेल्यावर परत भरायचो. १९ वर्षं वापरली. आरसीची १५ वर्षं भरल्यावर पासिंग करून पुढची पाच वर्षं वाढवून घेतली होती, चार वापरून मग दिली, ज्याला दिली त्याने त्यात कांदे विकले.

लांबट_वही
@पांढरी_८०० काका, घाटात उतरवायचो हे भारी आहे, तेव्हाचा लोड सेन्सर.

निळू_श्टुटगार्ट
इकडून जर्मनीतून थोडं. मी २०१६ ला जुनी डिझेल घेतली, युरो ४ (इकडचा धुराचा जुना नियम), मिळाली स्वस्तात, टॅक्स वगैरे सगळं बघून. २०१९ ला गावात युरो ४ डिझेलला बंदी! माझं घर बंदीच्या हद्दीच्या आत, गाडी हद्दीच्या बाहेर मित्राकडे, आणि मी गाडीपर्यंत ट्रामने. इथे दर दोन वर्षांनी टीयूव्हीची तपासणी असते, चासी गंजून कमजोर झाली असेल तर नापास. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्याने खालून खाते गाडी. त्यापेक्षा आपलं कोकण बरं म्हणणार होतो पण तिकडेही गंजतेच.

वैशाली_नाशिक
कुकर झाला. उंदरांचं कोणी लिहिलंच नाही?? आमचा सगळ्यात मोठा रनिंग खर्च उंदीर आहे. वायरिंग दोनदा, ९,५०० आणि मग ६,०००. कुठल्या ब्रोशरमध्ये लिहितात का हे.

चिमणराव_नव्हे
तंबाखूची पानं फडक्यात बांधून बॉनेटमध्ये ठेवा. रामबाण.

उद्यमनगरी
ठेवलेली. आमच्यातल्या उंदरांना लागली सवय. आता चुना मागत्यात.

मनीमाऊ
मांजर पाळा ना. आमची तर बॉनेटवरच झोपते. (सुरू करायच्या आधी बॉनेटवर थाप मारा बरं का, थंडीत आत जाऊन बसतात बिचाऱ्या.)

चार्जिंगवाला
इलेक्ट्रिकचं कोणी बोलेना म्हणून. युनिटला साधारण ६ किमी, घरचं युनिट दहा रुपये धरलं तरी किमीला पावणेदोनच्या आत. कागदावर मी जिंकलो. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगपर्यंत केबल ओढायच्या परवानगीला ११ महिने गेले, सेक्रेटरी म्हणे आग लागली तर. तोपर्यंत मॉलमध्ये चार्जिंगला लावायचो आणि बायको तेवढ्या वेळात खरेदी करायची. ती किमीला किती पडली विचारू नका. आता तेच सेक्रेटरी रोज विचारतात कोणती घेतलीत, कशी आहे.

लांबट_वही
सगळ्यांना धन्यवाद. आज बसून वहीतून खरं रनिंग काढलं, वर्षाला ४,५०० पण नाही. एवढ्याला साधी पेट्रोल पुरे आणि लाखाचं काय करायचं ते करू. आई म्हणते एवढ्यासाठी गाडी कशाला, रिक्षाच कर. तिचं गणित बरोबर निघालं तर पंचाईत आहे. आणि ते २१,४०० पुढे मी ओढत नेले, २०२५ पर्यंत. बाकी ३,१५० राहिली. विकायची घाई केली का?

पांढरी_८००
अजून एक तुळजापूर केलं असतं तर फिटले असते.

चिमणराव_नव्हे
ते जाऊदे. खेड शिवापूरला मिसळ कुठली ते कोणी विचारलंच नाही.

कात्रजचा_बोगदा
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. डिझेल गाडी असेल तरच.