घरचा कंप्युटर नेटला जुळेना : आपापले अनुभव टाका

सुदामानगरवाली :
इंदूरकर मंडळी (आणि इंदूर सोडून गेलेले पण), मागचे नऊ दिवस आमच्या घरात ह्याशिवाय दुसरा विषय नव्हता म्हणून धागा काढतेय. बाबांचा डेस्कटॉप खालच्या खोलीत, नेट कधी चालायचं कधी नाही, कोपऱ्यात पिवळा त्रिकोण. मोबाइल मात्र सगळ्यांचे मस्त. बाबांचं ठाम मत की कंपनी लुबाडतेय, आईचं ठाम मत की बाबांनी काहीतरी दाबलं. कंपनीचा मुलगा दोनदा आला, स्वतःच्या मोबाइलवर स्पीड दाखवला, "ये देखो अंकल, पूरा आ रहा है", आणि गेला.

शेवटी पुण्याहून भावाने व्हिडिओ कॉलवर त्या काळ्या विंडोत आयपीकॉन्फिग (कंप्युटरचा नेटवरचा पत्ता दाखवणारी कमांड) टाइप करायला लावलं. कंप्युटरचा पत्ता १९२.१६८.१.१४, गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१, म्हणजे दिसायला सगळं बरोबर. मग तो म्हणाला की वरच्या मजल्यावर काय लावलंयस? तर मागच्या महिन्यात वर रेंज यावी म्हणून मीच जुना राउटर लॅनच्या वायरने जोडून ठेवला होता, त्याचाही पत्ता १९२.१६८.१.१ च आणि तोही आपल्या मनाने सगळ्यांना पत्ते वाटत बसलेला! एका घरात दोन कर्ते पुरुष. कंप्युटरच्या हाती खरा लागला तर नेट, जुना लागला तर ठणठण गोपाळ. मोबाइल पण अडकतच होते म्हणे, पण वायफायवर नेट नाही दिसलं की ते गुपचूप आपल्या सिमच्या डेटावर जातात त्यामुळे कोणाला पत्ताच नाही. त्या मुलाच्या मोबाइलचं पण तेच असणार. जुन्याचा डीएचसीपी (म्हणजे ते पत्ते वाटणं) बंद केला, त्याला १९२.१६८.१.२ दिला, पाच मिनिटांचं काम. बाबांना अजून सांगितलेलं नाही की चूक माझी होती, ओळखीचे असाल तर गप्प बसा.

आता तुमचं सांगा. काय झालं होतं, कसं सापडलं, आणि आधी कोणावर संशय घेतला ते पण.

रामबागचे काका :
ताई, आमच्या वेळी राउटर वगैरे नव्हते पण दुखणं होतंच. १५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं, आमच्या घरी यायला पुष्कळ वर्षं लागली, आधी डायलअप आणि मग २००६ च्या सुमारास फोनच्याच वायरवरचं ब्रॉडबँड. तर ते कसं की फोन वाजला की नेट जायचं. दर वेळी. आणि आमच्या सौंच्या माहेरचे फोन दिवसातून सहा. मी तीन महिने लाइनमनला बोलावत राहिलो, तो खांबावर चढायचा, उतरायचा, चहा प्यायचा. एक दिवस दुसराच कोणीतरी आला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला, तिथे आमचा दुसरा फोन होता, तो सरळ लाइनवर जोडलेला, मध्ये स्प्लिटर नाही. एकाच तारेवर खालच्या फ्रिक्वेन्सीवर आवाज आणि वरच्या फ्रिक्वेन्सीवर नेट चालतं, ते वेगळं करणारी छोटी डबी प्रत्येक फोनला लागते, आम्ही ती फक्त हॉलमधल्या फोनला लावलेली. नेट गेलं की मी सौंच्या माहेरावर चिडायचो तो भाग इथे लिहीत नाही.

राजवाड्यामागे :
आमची केस साधी पण लांबली. अनंत चतुर्दशीची रात्र, झांक्या निघालेल्या. (बाहेरगावच्यांसाठी, झांक्या म्हणजे कापड मिलांचे सजवलेले चित्ररथ, मिला कधीच बंद पडल्या, हुकुमचंद मिल १९९१ लाच, पण त्यांच्या झांक्या अजून निघतात.) उंच झांकी आली की गाडीवरची पोरं बांबूने वरच्या वायरी उचलतात आणि खालून गाडी सरकते. आम्ही गच्चीतून बघून राहिलो होतो, मस्त. पहाटे घरात आलो तर फायबर नेटच्या डबीवर एलओएसचा (लॉस ऑफ सिग्नल) दिवा लाल. ह्या दिव्याचा अर्थ एकच, बाहेरून प्रकाशच येऊन नाही राहिला, मग तुम्ही कंप्युटर दहा वेळा बंद-चालू करा नाहीतर त्याची आरती करा. तरी माझ्या भावाने विंडोज परत टाकलं. परत टाकलं!! फोटोंसकट सगळं उडवलं, आणि दिवा तसाच लाल. तिसऱ्या दिवशी माणूस मशीन घेऊन आला, केसासारखे काचेचे दोन तुकडे वितळवून जोडले, वीस मिनिटं. आता आमच्या घरी नियम आहे, आधी डबीचे दिवे बघायचे मग कंप्युटरला हात.

तिलकनगरची मावशी :
राजवाडा, तार तुटायलाच पाहिजे असं काही नाही बरं का. आमच्याकडे बाईने झाडताना कपाट भिंतीला सारलं, पिवळी वायर मागे काटकोनात दाबली गेली, तेवढ्याने लाल दिवा. कपाट पुढे ओढलं, हिरवा.

एक्सइंदुरी :
मी बंगलोरला, आजोबा वैशाली नगरला एकटे. "नेट आहे म्हणतं पण एकही साइट उघडत नाही, सगळीकडे लिहून येतं की सुरक्षित नाही, मी घाबरून बंद केलं." मला वाटलं व्हायरस. राउटर झाला, केबल झाली, ब्राउजर काढून परत टाकला, आजोबा बिचारे प्रत्येक वेळी "हं, केलं" म्हणत होते, दीड तास गेला, तेवढ्यात ते सहज म्हणाले की बाळा ह्याच्यावर तर आज एक जानेवारी दाखवतंय, आणि मी म्हटलं थांबा, वर्ष? "दोन हजार नऊ."

मदरबोर्डवरचा सेल मेला होता. लाइट गेली की घड्याळ मागे, आणि साइटच्या सर्टिफिकेटला (साइट खरी असल्याचं ओळखपत्र) तारीख असते, २००९ च्या हिशोबाने ती सर्टिफिकेटं अजून जन्मलेलीच नाहीत, मग ब्राउजर दार उघडणार कसं. सीआर२०३२ नावाचा रुपयाएवढा सेल, आजोबांनी जेल रोडवरून आणला आणि शेजारच्या पोराकडून बसवून घेतला. त्याला पोहे-जिलबी दिली म्हणाले. मला दीड तासाचं काहीच नाही मिळालं.

भिया बोल रिया हूं :
माझं म्हणजे लाजिरवाणं आहे. एक गेम फुकटात पाहिजे होता, उतरवला, त्याच्याबरोबर अजून काय काय आलं. अँटीव्हायरस चालवला, त्याने घाण साफ केली आणि तेव्हापासून नेट बंद! पिंग ८.८.८.८ केलं (म्हणजे गूगलच्या सर्व्हरला हाक मारून बघितली) तर उत्तर येऊन राहिलं, नावाने पिंग केलं तरी येऊन राहिलं, पण ब्राउजरमध्ये एक पान उघडत नाही. दोन रात्री घालवल्या. तर त्या घाणीने जाताजाता सेटिंगमध्ये प्रॉक्सी (पानं आणून देणारा मधला दलाल) लावून ठेवली होती, १२७.०.०.१, म्हणजे कंप्युटर स्वतःलाच विचारतोय की बाबा रे पान दे, आणि देणारा तर साफ झालेला. प्रॉक्सीचं बटण बंद केलं, सुरू. घरी सांगितलं की कंपनीचा प्रॉब्लेम होता.

रामबागचे काका :
कंपनीवर ढकलणे ही जुनी परंपरा आहे, चालू द्या.

नारायणबाग :
राउटरच्या मागे बारीक भोक असतं ना, पिनेने दाबायचं, ते कोणी दाबू नका!! मी दाबलं. यूट्यूबवर एकाने सांगितलं म्हणून. कनेक्शनचं युजरनेम पासवर्ड त्याच्यातच भरलेलं होतं, सगळं पुसलं गेलं, आणि रविवार. आमचा केबलवाला म्हणे, "भिया बंद-चालू बोला था, रीसेट थोड़ी बोला था". आधी फोटो काढून ठेवा राउटरच्या सेटिंगच्या पानाचा, मग काय ते करा.

विजयनगर४५२ :
नवीन राउटर आला, जुन्या कंप्युटरला त्याचं नावच दिसेना, बाकी सगळ्यांना दिसतं. कंप्युटरला लावलेली ती छोटी वायफायची दांडी फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफाय पट्ट्यावर चालणारी आणि राउटरवर नुसतं ५ चालू ठेवलेलं. २.४ पण चालू केलं, संपलं.

एक्सइंदुरी :
आणि १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता कोणाला आला का कधी? आजोबांकडे नंतर आलेला. म्हणजे कंप्युटर पत्ता मागून मागून थकला, कोणी देईना, शेवटी स्वतःच एक लावून घेतला. तिथे लॅनच्या वायरची क्लिप तुटून ती अर्धी बाहेर आलेली.

तिलकनगरची मावशी :
आमच्याकडे आलेला. उंदीर.

सुदामानगरवाली :
बापरे उंदीर. सगळ्यांचे वाचते आहे, भियाचा तर बाबांना वाचून दाखवला आणि ते खूश की बघ, मुलंच बिघडवतात. मी मान हलवली. पण आता नवीनच झालंय, नेट तर धड आलं पण बाबांचा प्रिंटर सापडेना, तो जुन्या राउटरच्या वायफायवर होता आणि मी उत्साहात त्याचं नाव पासवर्ड दोन्ही बदलून बसले. उद्या त्यांना पेन्शनचा कागद छापायचाय. कोणी जागं आहे का?