स्विच लाइट की स्विच ओएलईडी? मुलं दोन, टीव्ही एक, आणि तोही आजीच्या ताब्यात

कर्वेनगरकर
नमस्कार मंडळी. मेव्हणा दिवाळीला न्यू जर्सीहून येतोय. "पोरांना काय आणू?" असं त्याने फोनवर विचारलं, आणि माझ्याआधी पोरांनीच उत्तर देऊन टाकलं : निंटेंडो स्विच, म्हणजे हातात धरून खेळायचं व्हिडिओगेमचं यंत्र. कुठला, ते मात्र मी ठरवायचंय. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत.

स्विच २ नको. जून २०२५ मध्ये तो ४५० डॉलरला आला, खेळही महाग. मेव्हण्याच्या खिशाला किती कात्री लावायची यालाही मर्यादा आहे. (अर्धे पैसे मी देणार आहे, ते दुखणं वेगळं.) उरले दोन. लाइटचा पडदा साडेपाच इंची, बटणं अंगालाच जोडलेली, टीव्हीला लागत नाही. ओएलईडीचा पडदा सात इंची, दोन्ही बाजूंचे जॉय-कॉन (बटणांचे छोटे कंट्रोलर) सुटे निघतात, डॉकमध्ये (टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये) ठेवला की चित्र टीव्हीवर. ऑगस्ट २०२५ च्या वाढीनंतर अमेरिकेत लाइट २३० डॉलर, ओएलईडी ४००. आतली चिप एकाच घराण्यातली, खेळ तेच.

माझा कल लाइटकडे. संध्याकाळी सातनंतर आमचा टीव्ही आईच्या मालिकांचा असतो, म्हणजे डॉकचे पैसे पाण्यात. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी कारणासकट सांगा. "दोन्ही छान आहेत" लिहिणाऱ्याला चहा नाही.

पेठेतला प्लेअर
टीव्हीला न लागणारा स्विच म्हणजे बिनपोह्यांचा चिवडा. अहो, जे बदलतं म्हणून त्याला स्विच म्हणतात तेच लाइटमधून काढून टाकलंय.

सातनंतर टीव्ही आजींचा, मान्य. रविवारी सकाळी? मे महिन्यात दुपारी? मामेभावंडं आली की? ओएलईडीचे दोन जॉय-कॉन काढायचे, आडवे धरायचे, एकेकाच्या हातात एकेक. खोक्यातून काढल्या काढल्या दोघं खेळायला बसतात. एक पैसा जास्त नाही. टीव्ही नसला तरी मागचं रुंद स्टँड उघडून जेवणाच्या टेबलावर ठेवा. लाइटवर दोघांनी खेळायचं तर कंट्रोलर वेगळे घ्या, आणि त्याला स्टँडच नाही, म्हणून डब्याला टेकवून ठेवा. रिंग फिट किंवा स्विच स्पोर्ट्ससारखे अंग हलवायचे खेळ सुट्या जॉय-कॉनशिवाय चालतच नाहीत.

इंद्रायणीवाला
पेठेतल्यांना सगळं घरात बसूनच करायचं असतं, म्हणून हा सल्ला.

मी नोकरीपायी पुणे–मुंबई करतो आणि लाइटच वापरतो. वजन २७५ ग्रॅम. ओएलईडी जॉय-कॉनसकट ४२० च्या आसपास. आकडा किरकोळ वाटतो, पण कर्जत मागे टाकून घाट लागेपर्यंत मनगटाला तो कळतो. तिसरीतल्या पोराचे हात केवढे असतात? गादीवर उताणा झोपून खेळणार तो, आणि हातातून सुटला की थेट नाकावर.

दुसरं, लाइट एकसंध आहे. कुठे रूळ नाही, खाच नाही, कुरकुर नाही. डाव्या हाताला खरंखुरं अधिकचिन्हाचं बटण आहे, जॉय-कॉनवर त्या जागी चार सुट्या टिकल्या. जुन्या धाटणीचे उड्या मारायचे खेळ खेळून बघा, फरक अंगठ्यालाच कळेल.

आणि टीव्हीबद्दल म्हणाल तर आधी आजींकडून रिमोट मिळवून दाखवा, मग डॉकचं बोलू.

तपकीर गल्लीचा शेजारी
दोघंही पडद्यावर आणि वजनावर भांडताय. भारतात हे यंत्र घेताना पहिला प्रश्न एकच : बिघडलं तर काय? निंटेंडोची इथे अधिकृत विक्री नाही, सर्व्हिस सेंटर नाही. अमेरिकेतली वॉरंटी अमेरिकेत. राहिलो आपण आणि आपला रिपेअरवाला.

आणि बिघडणार काय, तेही माहीत आहे : स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी. आत कार्बनचा थर असलेली पट्टी असते, तिच्यावर धातूची बारीक जीभ घासत राहते. थर झिजतो, धूळ बसते, आणि हात लावला नाही तरी यंत्राला वाटतं की स्टिक ढकललीय. शर्यतीत गाडी आपसूक डावीकडे ओढायला लागली की समजायचं, ड्रिफ्ट आला. हे इतकं सार्वत्रिक झालं की कंपनीचे अध्यक्ष फुरुकावा यांनी २०२० मध्ये भागधारकांसमोर दिलगिरी व्यक्त केली. सेटिंगमधलं कॅलिब्रेशन करून थोडे दिवस ढकलता येतं, तेवढंच.

आता फरक बघा. जॉय-कॉनमध्ये मागचे चार स्क्रू (तीन पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर लागतो, घरातला चालत नाही), बॅटरी बाजूला, स्टिकचे दोन स्क्रू, केसासारख्या पातळ रिबनची कडी उचलायची, नवी स्टिक बसवायची. हात स्थिर असेल तर घरी जमतं. तोवर दुसऱ्या कंट्रोलरवर खेळ चालू. लाइटमध्ये स्टिक यंत्राच्या पोटात. मागचं झाकण, पत्र्याची शील्ड, बॅटरीची जोडणी, सगळं उघडायचं. बुधवार पेठेत करून देणारे मिळतील, पण तेवढे दिवस यंत्र दुकानात. आणि लक्षात घ्या, खेळ कार्ट्रिजवर असला तरी सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद, यंत्रातच असते. पोराची सगळी कमाई दुकानदाराच्या ड्रॉवरमध्ये.

मुलांसाठी लाइट घेऊ नका, हे मी एवढ्या एका कारणासाठी म्हणेन. सात इंची पडद्याचं कौतुक मला फारसं नाही.

इंद्रायणीवाला
@तपकीर गल्लीचा शेजारी, तुम्ही असं लिहिलंय की ओएलईडीला ड्रिफ्ट होतच नाही.

तपकीर गल्लीचा शेजारी
होतो की. स्टिकची घडण तीच आहे. ड्रिफ्ट दोघांनाही आहे, पण एकाचा फक्त हात दवाखान्यात जातो आणि दुसरा आख्खा अॅडमिट होतो, एवढंच माझं म्हणणं. बदलायची वेळ आलीच तर चुंबकावर चालणारी हॉल-इफेक्ट स्टिक टाका. घासायला काही नसतं, त्यामुळे तसा झिजायचा प्रश्न येत नाही. ती दोन्ही मॉडेलसाठी मिळते.

वाकडची आई
सगळे एकच यंत्र धरून बोलताहेत. दोन मुलं आहेत ना? मग ४०० डॉलरचा एक ओएलईडी कशाला, ४६० मध्ये दोन लाइट येतात.

माझ्याकडेही दोन कार्टी आहेत, म्हणून अनुभवाचं सांगते. फोनवर निंटेंडोचं पालकांसाठीचं अॅप येतं, त्यात रोजची वेळ ठरवता येते. छान सोय आहे. फक्त ती वेळ यंत्राला लागते, मुलाला नाही. एक तास ठेवला की मोठी पंचावन्न मिनिटं खाऊन बसते आणि धाकट्याची पाळी आली की घंटा वाजते. मग जे महाभारत होतं ते आवरायला अॅप येत नाही, मीच जाते. दोन यंत्रं असली की ज्याची वेळ त्याच्याकडे.

खेळ दोनदा घ्यावे लागतील ही भीती असेल तर तीही अर्धीच खरी. एप्रिल २०२५ पासून डिजिटल खेळांची 'व्हर्च्युअल गेम कार्ड' झालीत. एका फॅमिली ग्रुपमधल्या दुसऱ्या माणसाला एक खेळ दोन आठवडे उसना देता येतो. कार्ट्रिज असेल तर काय, या हातातून त्या हातात.

पेठेतला प्लेअर
ताई, म्हणजे दोन पोरं दोन कोपऱ्यांत, दोन पडद्यांत तोंड घालून. मग मोबाइल काय वाईट होते? भांडण नको म्हणून दोन यंत्रं घ्यायची हे मला पटत नाही. शर्यतीत बहिणीला कासवाचं कवच मारायचं आणि ती शेजारीच बसून ओरडतेय, याच्यासाठी तर हा खेळ असतो.

वाकडची आई
ओरडणं ऐकायला तुम्ही येणार असाल तर मी आजच एक ओएलईडी घेते.

हिशेबी माणूस
भावनांचं झालं, आता आकडे. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे लाइटची बॅटरी खेळानुसार ३ ते ७ तास, ओएलईडीची साडेचार ते ९. साठवण लाइटमध्ये ३२ जीबी, ओएलईडीमध्ये ६४. दोन्हीही अपुरीच, त्यामुळे मेमरी कार्ड लागणारच, म्हणून त्याला फार महत्त्व देऊ नका. साधं मायक्रोएसडी चालतं. 'एक्सप्रेस' लिहिलेलं महागडं कार्ड स्विच २ साठी असतं, दुकानदार तेच गळ्यात मारू बघतो.

पडदा दोघांचाही ७२० पी. पिक्सेल तेवढेच, म्हणून खरं तर लाइटवर चित्र जास्त रेखीव दिसतं. पण अक्षरंही त्याच प्रमाणात बारीक होतात. संवाद वाचत जायचे खेळ असतील तर लाइटवर डोळे बारीक करावे लागतात.

आणि तिसरा पर्याय कुणी बोललंच नाही : साधा जुना स्विच, पण २०१९ नंतरचा. खोकं पूर्ण लाल रंगाचं असतं. २०१७ च्या पहिल्या मालाची बॅटरी अडीच ते साडेसहा तास होती, या सुधारितची ओएलईडीएवढीच. टीव्हीला लागतो, जॉय-कॉन सुटतात, सेकंडहँड घेतला तर बरेच पैसे वाचतात. एवढंच की मागचं स्टँड काडीसारखं आहे, जपून उघडायचं. दिवाळीची भेट म्हणून सेकंडहँड वस्तू द्यायला मेव्हण्याला लाज वाटेल, तो भाग वेगळा.

कर्वेनगरकर
वाचतोय सगळं. एकेकाला उत्तर देतो.

ताई, दोन लाइट नाही. दोन यंत्रं म्हणजे दोन चार्जर, दोन कव्हरं, आणि "तिचा निळा, मला पिवळाच का" हा तिसरा वाद. पण अॅपची वेळ यंत्राला लागते हे मला माहीतच नव्हतं. यावर उपाय?

हिशेबीराव, मुलीला आधीच चष्मा आहे, बारीक अक्षरांचा मुद्दा घरात लगेच मंजूर झाला. सेकंडहँडला मेव्हणा तयार होता, बायको नाही.

इंद्रायणीवाले, वजनाचं पटतं. पण आमचा मुलगा गाडीत खेळला की त्याला उलटी होते. प्रवासाचा मुद्दा आमच्याकडे मुळातच बाद.

राहता राहिली स्टिक. खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त तेच लागलं. १७० डॉलर मी पडद्यासाठी दिले नसते, डॉकसाठी तर नाहीच. पण पोरगं स्टिकवर कसा अंगठा रगडतं ते टीव्हीच्या रिमोटवरून मला माहीत आहे. सुटा जॉय-कॉन पाहिजे. मेव्हण्याला ओएलईडी कळवतोय.

वाकडची आई
उपाय एकच : अॅपमध्ये दोघांची मिळून वेळ ठेवा आणि वाटणीसाठी स्वयंपाकघरातलं घड्याळ. धाकट्याला आधी बसवा. मोठ्यांना आधी बसवलं की ती उठत नाहीत.

इंद्रायणीवाला
मी अजूनही म्हणतो, स्टिक बिघडेल या भीतीने १७० डॉलर आज मोजण्यापेक्षा ती बिघडेल तेव्हा दुरुस्तीला टाका. इथे स्टिक बदलायला त्याच्या पावपटही जात नाही. उरलेल्यात चांगले दोन-तीन खेळ आले असते. यंत्र भारी आणि खेळायला एकच कार्ट्रिज, अशी घरं बरीच पाहिलीत.

तपकीर गल्लीचा शेजारी
पैशाचं गणित तुमचं बरोबर आहे. आठ वर्षांच्या पोराला "आठवडाभर थांब" सांगायचा खर्च त्यात धरलेला नाही.

हिशेबी माणूस
ठरलंच आहे तर मेव्हण्याला एवढं सांगा. पडद्यावर कारखान्यातून एक पातळ फिल्म चिकटवलेली येते. काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून ती असते. नवीन मोबाइलचं प्लास्टिक सोलतात तशी सोलू नका. टेम्पर्ड काच तिच्यावरूनच लावा. चार्जर १००–२४० व्होल्टचा आहे, आपल्या विजेवर चालतो, फक्त चपट्या पिनांना कन्व्हर्टर लागेल. डॉकला मात्र तोच चार्जर लावा. घरातल्या साध्या मोबाइल चार्जरवर टीव्हीला चित्र येत नाही, आणि मग लोक डॉक खराब आहे म्हणून बोंब मारतात.

निंटेंडोचं अकाउंट उघडताना देश म्हणून भारत निवडू नका. अमेरिका ठेवा आणि मेव्हण्याला डॉलरमधली गिफ्ट कार्डं घ्यायला लावा. आपली बँकेची कार्डं निंटेंडोच्या ऑनलाइन दुकानात बऱ्याचदा चालत नाहीत. कार्ट्रिज सहसा कुठल्याही देशाचं चालतं.

कर्वेनगरकर
कळवलं. त्याचा प्रश्न आलाय, पांढरा आणू की लाल-निळा? घरात मतदान चालू आहे. आईने पांढऱ्याला मत दिलंय, का विचारलं तर म्हणाली, "टीव्हीशेजारी ठेवायचाय ना, मग शोभायला नको?"

पेठेतला प्लेअर
टीव्हीशेजारी ठेवायला आजींची परवानगी मिळाली. इंद्रायणीवाले, वाचताय ना?