बाबांची साखर पहाटे उतरते आहे, गोळी कमी करायला विचारावं का? (मदत हवी आहे)

बाबा ७९ वर्षांचे आहेत, मधुमेह वीसेक वर्षांचा. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. मागच्या महिन्यात एचबीए१सी (सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.३ आलं तेव्हा आम्ही सगळे खूश होतो.

त्यानंतर दोनदा पहाटे त्यांना काही सुचेना. आईला ओळखत होते, पण बाथरूम कुठल्या बाजूला हे आठवेना. घाम नाही, थरथर नाही. पहिल्यांदा वयामुळे असेल म्हणून आम्ही सोडून दिलं, ते मला अजून खातंय. दुसऱ्यांदा ग्लुकोमीटर लावला तर ५८! पाण्यातून ग्लुकोज दिलं, पंधरा मिनिटांनी ९४, आणि बाबा नेहमीसारखे बोलू लागले.

क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) १.६, म्हणजे वाढलेलं आहे आणि हल्ली जेवण फार कमी झालंय. दादाचं म्हणणं, गोळी कमी केली की साखर वाढून डोळे-किडनी जातील. मला भीती वाटते ती पहाटे अंधारात पडण्याची. या वयात साखर इतकी काटेकोर ठेवायची असते का? डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनंतरची आहे.

---

प्रतिसाद:

तीन आठवडे थांबू नका, उद्याच फोन करा. ७०च्या खाली गेलेली साखर आणि सोबत गोंधळलेपण, एवढं सांगितलंत तरी ते लगेच बघतील. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो-नसो इन्सुलिन सोडायला लावतं, आणि किडनी मंदावली की त्याचा असर लांबतो. माझ्या सासऱ्यांचं नेमकं हेच झालं होतं. डॉक्टरांनी ती गोळी बंद करून दुसरी दिली. तुम्ही मात्र मनाने बदल करू नका.

एचबीए१सी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी, पहाटेचे खड्डे त्यात दिसत नाहीत. वय झालेल्या आणि इतर आजार असलेल्यांना बरेचदा ८च्या आत चालतं, दादांना हे डॉक्टरांकडूनच ऐकू द्या. गोळीची वेळ, जेवण किती झालं आणि रात्री तीनची साखर वहीत लिहून न्या. आणि कधी शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा.

---

मूळ लेखक: आत्ताच दादाला वाचून दाखवलं. सकाळी तोच फोन करणार आहे. आज रात्री तीनचा गजर मी लावलाय.