अनुभव धागा: घरच्या शेडमध्ये पिकअप बांधताना शेडही घडत गेले

गोदाकाठ (गेवराई)

गेल्या आठवड्यात भाच्याने फोनवर विचारले, "मामा, जुनी पिकअप घेऊन घरीच आपल्या कामाजोगी बांधून घेता येईल का?" त्या प्रश्नाने माझी पिकअप बांधली तो सगळा काळ आठवला, म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांनी स्वतःच्या शेडमध्ये गाडीचे काम केले आहे, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

माझा व्यवसाय विहिरी आणि बोअरमधील पाणबुडी मोटारी काढण्या-बसवण्याचा आहे. कॉलम पाइप तीन मीटर लांबीचे असतात आणि ते पिकअपच्या हौद्यात फाळका लावून सरळ बसत नाहीत. केबलची वेटोळी, चेन पुली, लोखंडी घोडी आणि पान्हे एकमेकांत गुंतून बांधावर पोहोचल्यावर निम्मा वेळ सामान सोडवण्यात जातो. म्हणून कॅबिनवरून मागेपर्यंत जाणारी पाइपांची मांडणी, हौद्याखाली दोन्ही बाजूंना कुलपाचे कप्पे आणि मागे घोडी अडकवण्याची जागा, अशी गाडी मला हवी होती. २५२३ सीसीचे डिझेल इंजिन असलेली जुनी महिंद्रा पिकअप मिळाली. हौदा पार सडलेला होता, पण चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ठणठणीत होती, आणि घेताना मी तेवढेच पाहिले होते.

शेड म्हणजे त्या वेळी घरामागे अँगलवर टाकलेले पत्रे होते आणि खाली काळी माती होती. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि चैत्र-वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर चेसिस घोड्यांवर ठेवली, तर आज घेतलेले माप महिन्याभराने जुळत नाही. त्यामुळे हौद्याचे काम बाजूला ठेवून आधी जमीन केली. माती दोन-अडीच फूट उपसून बाहेर काढली, मुरूम थराथराने टाकला, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोकला, त्यावर दगडाचे सोलिंग केले आणि मग काँक्रीट ओतले. काँक्रीट एकसंध न ओतता पट्ट्यांमध्ये ओतले आणि मधे सांधे सोडले. शेडभोवतीच्या जमिनीला बाहेरच्या बाजूने उतार दिला, कारण पाणी कडेने आत मुरले की मुरमाखालची माती पुन्हा फुगते. काँक्रीट ओले असतानाच चार लोखंडी प्लेटा त्यात बसवल्या आणि पाण्याच्या नळीने त्या एका पातळीत आणल्या. पुढे प्रत्येक माप त्या चार प्लेटांवरून घेतले. हौद्याची चौकट मांडली की दोन्ही कर्ण मोजायचे, आणि ते जुळल्याशिवाय टाका मारायचा नाही, ही शिस्त त्या जमिनीमुळेच पाळता आली.

दुसरी गरज उचलण्याची होती. पत्र्याखालच्या कैच्या, म्हणजे अँगलचे त्रिकोणी सांगाडे, वजन पेलण्यासाठी केलेल्या नसतात, म्हणून दोन तिरप्या पायांच्या चौकटींवर आय बीम टाकून स्वतंत्र गॅन्ट्री केली आणि तिला चेन पुली लावली. तिनेच जुना हौदा उतरला, तिनेच नवा चढला, आणि आज तीच गॅन्ट्री दुरुस्तीला आलेल्या मोटारी उचलते. गाडीसाठी म्हणून केलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट अशी शेडची होऊन राहिली आहे. किंबहुना गाडी बांधायची ठरली नसती, तर माझे शेड आजही चार पत्र्यांचेच राहिले असते.

चेसिसबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगतो. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला छिद्र पाडू नये आणि तिच्यावर आडवे वेल्डिंग करू नये, कारण वाकण्याचा सगळा ताण त्याच पट्ट्यांवर येतो. मी हौदा आडव्या चॅनलवर बांधला, मधे रबराची जाड पट्टी दिली आणि यू-बोल्टने आवळला. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा आणि अल्टरनेटरची जोडणी सोडवून ठेवणे हेही तितकेच आवश्यक आहे.

माळवद (सेलू)

दादा, जमिनीचे वर्णन वाचून समाधान वाटले. आमच्याकडे शेड नव्हते, वाडा होता. जुन्या एमएम ५४० जीपचे २११२ सीसीचे इंजिन मी माळवदाखालच्या, म्हणजे मातीच्या धाब्याखालच्या, खोलीत उघडले, कारण बाहेर ४३ अंश तापमान असतानाही तिथे दुपारी काम करता येते. मात्र माळवदातून बारीक माती सतत गळत असते आणि उघड्या इंजिनात तिचा कणही जाऊन चालत नाही. त्यासाठी वर धोतराचे जाड कापड ताणून बांधले आणि सुटे केलेले भाग झाकणाच्या डब्यांत ठेवले. सागवानी तुळयांखाली वेल्डिंगची ठिणगी उडू द्यायची नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, म्हणून वेल्डिंग आणि ग्राइंडरचे काम चौकात नेले. ढेलजेच्या दरवाजातून गाडी आत येत नसल्यामुळे शेवटी वाड्याशेजारी पत्र्याचे शेड उभारावे लागले; व्हाइस आणि कामाचे टेबल मात्र आजही माळवदाखालीच आहे.

मांजराकाठ (लातूर)

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या वर्षीचा हा अनुभव आहे. आमची रोपवाटिका होती आणि रोपे जगवण्यासाठी लांबच्या विहिरीवरून पाणी आणणे भाग होते, म्हणून पिकअपच्या हौद्यात बसेल अशी टाकी घरीच बांधायचे ठरले. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, हे सर्वांनाच ठाऊक असते. अर्धी भरलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते, हे मात्र वळणावर स्टीअरिंग हातात असल्याशिवाय कळत नाही. पाणी एका बाजूला धावते आणि गाडी त्या बाजूला ओढली जाते. त्यासाठी टाकीत आडवे-उभे पडदे घातले आणि पडद्यांना खाली व मधे मोठी छिद्रे ठेवली, म्हणजे पाणी जाते पण धावत नाही. पडद्यांचे वेल्डिंग आत उतरून करायचे होते. एक माणूस कायम टाकीच्या तोंडाशी उभा आणि पंख्याने आत हवा चालू, असे असल्याशिवाय वडिलांनी मला आत उतरू दिले नाही. जुनी डिझेलची टाकी स्वस्तात मिळत होती, ती आम्ही घेतली नाही, कारण रिकाम्या टाकीत उरलेली वाफ ठिणगीने पेटते आणि टाकी फुटते.

त्या टाकीच्या कामासाठी घेतलेले इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आजही आमच्याकडे चालू आहे. गेल्या वर्षी त्यावर ठिबकच्या फिल्टरचे स्टँड आणि दोन गेट तयार केली.

कयाधू (हिंगोली)

गोदाकाठ दादा, पाइपांची मांडणी कॅबिनवर टेकवली आहे की स्वतंत्र खांबांवर आहे? आमच्याकडे हळदीची पोती आणि पाइप एकाच गाडीतून जातात, म्हणून विचारतो.

गोदाकाठ (गेवराई)

स्वतंत्र खांबांवर आहे, भाऊ. पुढचा खांब हौद्याच्या समोरच्या चौकटीला बांधला आहे आणि तिथून पुढे मांडणी कॅबिनवर अधांतरी जाते. खराब रस्त्यावर कॅबिन आणि हौदा वेगवेगळे हलतात. मांडणी दोन्हींना पक्की केली, तर कॅबिनचा पत्रा फाटतो किंवा वेल्डिंग तुटते.

वाळूजकर

मी आयटीआयमधून वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि वाळूजच्या एका कारखान्यात पत्र्याच्या कामावर होते. आता गंगापूर तालुक्यात घरीच काम करते. कॅबिनचा खालचा सडलेला भाग बदलताना पत्रा साधारण १ मिमी जाडीचा असतो, आणि त्यावर ३.१५ मिमीची वेल्डिंगची कांडी चालवली की भोके पडतात. सीओ२ वेल्डिंगने, ०.८ मिमीच्या तारेने हे काम चांगले होते; पण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सलग टाका ओढू नये. आधी तीन-तीन इंचांवर ठिपके द्यावेत, मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असे थोडे थोडे भरत जावे आणि मधे पत्रा हाताला सोसेल इतका निवू द्यावा, म्हणजे त्याला झोळ पडत नाही.

या पद्धतीत वाऱ्याने मोठी अडचण केली. सीओ२ वायूचे आवरण वाऱ्याने उडते आणि टाक्यात बारीक छिद्रे राहतात. आमचे शेड तिन्ही बाजूंनी मोकळे होते आणि आपल्याकडे वैशाखातला वारा सर्वांना माहीत आहे. सासऱ्यांनी पश्चिमेची भिंत छातीपर्यंत विटांची बांधून दिली, तिच्यावर पत्रा लावला आणि वरच्या बाजूला धूर जाण्यासाठी मोकळी फट ठेवली. धुरासाठी ही फट महत्त्वाची आहे, विशेषतः गॅल्व्हनाइज्ड पत्रा जोडताना. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, म्हणून जोडाच्या जागी जस्त आधी घासून काढावे.

विजेचेही लिहिते. मीटरपासून शेडपर्यंत जाड तार टाका, मुख्य पेटीत ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारे उपकरण) बसवा आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत जा. माती कोरडी पडली की अर्थिंग नावापुरते उरते.

बालाघाट (पाटोदा)

ताईंनी भिंतीचे लिहिले, त्यात एक भर घालतो. शेड उघडे असले की गल्लीतली मुले वेल्डिंगच्या उजेडाकडे टक लावून पाहतात आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी रडतात. आमच्याकडे तीन घरची मुले अशी रात्रभर जागली. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या बाजूला जुनी ताडपत्री टांगली आणि तेव्हापासून ती काढलेली नाही.

दुधना (जालना)

मी वाहनांच्या कागदपत्रांची कामे करतो, म्हणून भाच्यासाठी हे मुद्दाम लिहीत आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. प्रवासी जीप कापून तिची पिकअप करण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. नोंदणीतच मालवाहू पिकअप असलेली गाडी घ्यावी, चेसिस आणि इंजिन मूळ ठेवावे, आणि हौद्यातला बदल पत्रा कापण्यापूर्वी कच्च्या आराखड्यासह परिवहन कार्यालयात दाखवून काय चालेल ते विचारून घ्यावे. मंजुरीशिवाय बदल केलेल्या गाडीला अपघात झाला, तर विम्याच्या दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न त्याच बदलाचा निघतो.

दुसरा मुद्दा वजनाचा आहे. लोखंडी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे सुमारे ७.८५ किलो भरते. हौद्याचा तळ साडेचार चौरस मीटरचा धरला, तर ३ मिमी पत्र्याचे सुमारे १०६ किलो होतात आणि ५ मिमी पत्र्याचे सुमारे १७७ किलो. दणकट हौद्याच्या हौसेपायी वाढवलेला प्रत्येक किलो मालाच्या क्षमतेतून वजा होतो. जिनिंगच्या वजनकाट्यावर गाडी आधी आणि नंतर तोलून घ्यावी.

गोदाकाठ (गेवराई)

दुधना दादा, मन:पूर्वक आभार. मीही तळाला ३ मिमीचाच चेकर पत्रा घातला आणि मजबुती खालच्या आडव्या चॅनलमधून घेतली. भाच्याला तुमचा मजकूर जसाच्या तसा पाठवला आहे.

कयाधू (हिंगोली)

हळदीच्या दिवसांत भार जास्त असतो म्हणून मागच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवण्याचा विचार आहे. कोणी केले आहे का?

माळवद (सेलू)

भाऊ, पाटा वाढवण्यापूर्वी मागच्या ॲक्सलकडे वाकून पाहा. बऱ्याच पिकअपमध्ये तिथे एक दांडी ब्रेकच्या झडपेला जोडलेली असते. गाडी भाराने खाली बसली की ती झडप मागच्या ब्रेकला अधिक दाब देते. पाटा वाढवला की भार असूनही गाडी उंच राहते, झडपेला ती रिकामीच वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. त्यामुळे ब्रेकचे काम जाणणाऱ्या मिस्त्रीकडून ती दांडी तपासून घेतल्याशिवाय पाट्याला हात लावू नये. नोंदणीतल्या वजनापेक्षा जास्त माल पाट्याने कायदेशीर होत नाही, हे दुधना दादाही सांगतील.

कयाधू (हिंगोली)

आता जाऊन पाहिले, दांडी आहे. पाट्याचा विचार थांबवतो आणि पोती दोन खेपांत नेतो.

नवशिकी (उदगीर)

हौद्याखालच्या कप्प्यांत पावसाचे पाणी जात नाही का? माझा भाऊ फिरत्या दुरुस्तीच्या कामासाठी अशीच गाडी करणार आहे आणि त्याची हत्यारे गंजू नयेत, एवढीच मला काळजी आहे.

गोदाकाठ (गेवराई)

ताई, चाकाने उडालेले पाणी कप्प्यात पूर्णपणे थोपवता येत नाही, म्हणून ते आत साचणार नाही अशी रचना करावी. झाकणाची कड वरून खाली वळवलेली ठेवा, आतल्या बाजूला रबरी पट्टी द्या, आणि तळाच्या चारही कोपऱ्यांत करंगळी जाईल एवढी छिद्रे ठेवा. तळावर लाकडी फळी किंवा जाळी टाकून हत्यारे तिच्यावर ठेवावीत. गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइड रंगाचा हात कप्पा हौद्याला जोडण्यापूर्वीच आतून मारून घ्यावा, नंतर कोपऱ्यात ब्रश पोहोचत नाही. आणि बिजागऱ्या वरच्या बाजूला घ्या, म्हणजे झाकण उघडल्यावर पावसात हत्यारांवर छत राहते.