मदत हवी आहे: मागाच्या कारखान्यापासून गड्ड्याच्या जत्रेपर्यंत चालेल अशी एकच लेन्स (निकॉन डी५६००)

नमस्कार मंडळी,

सोलापूरहून लिहिते आहे. माझ्याकडे निकॉन डी५६०० कॅमेरा आहे आणि त्याच्यासोबत आलेल्या १८-५५ आणि ७०-३०० (मिलिमीटर; आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) अशा दोन लेन्स. आता एकच लेन्स घ्यायची आहे, जी कॅमेऱ्यावर चढवली की पुन्हा उतरवावी लागणार नाही.

एकच का, ते आधी सांगते. माझे वडील पूर्वभागातल्या एका कारखान्यात जकार्डच्या (पत्त्यांवरून नक्षी विणणाऱ्या) मागावर चादरी विणायचे. आता ते घरी असतात, पण कारखाना अजून चालू आहे आणि मालकांनी मला शनिवारी दुपारी येऊन फोटो काढायला परवानगी दिली आहे. दिवाळीनंतर त्यांनी निम्मे माग भंगारात काढले. उरलेले किती दिवस चालतील हे त्यांनाही सांगता येत नाही. त्या आवाजात धोट्यावर (आडवं सूत नेणाऱ्या तुकड्यावर) नजर ठेवून उभी राहणारी माणसं, कोपऱ्यात कांड्या भरणाऱ्या मावशी, वर हलणारे जकार्डचे पत्ते, हे सगळं मला नीट टिपून ठेवायचं आहे.

आत सुताचा तूस सतत उडत असतो. तारांवर, ट्यूबलाइटवर, लोकांच्या भुवयांवरसुद्धा बसतो. एकदा मी तिथेच लेन्स बदलली. पुढच्या आठवड्यात सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून देवळाचे फोटो काढले, एफ ११ वर (लेन्सचं छिद्र बारीक करून), तर आभाळभर काळे ठिपके. सेन्सर साफ करून घ्यावा लागला. तेव्हापासून आत लेन्स बदलत नाही. मग होतं असं की १८-५५ लावून गेले की पलीकडच्या मागावरचा चेहरा लहान येतो, आणि ७०-३०० लावली तर दोन मागांमधल्या बोळात मागे सरकायला जागाच नसते.

दुसरी अडचण उजेडाची. ५५ वर अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त) ५.६ च्या खाली जात नाही. शटर १/६० सेकंद ठेवलं तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० लागतो आणि चेहऱ्यावर दाणे दिसतात.

कारखान्याशिवाय माझे फोटो म्हणजे भाची, घरचा स्वयंपाक, मंगळवारचा बाजार, आणि जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजेच गड्ड्याची जत्रा. नंदीध्वजांची (उंच काठ्यांची) मिरवणूक, अक्षता सोहळा, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम. नान्नजच्या माळावर पक्षी टिपायचीही हौस आहे.

बजेट ३० हजार, सेकंडहँड चालेल. दुकानात टॅमरॉनची १८-४०० दाखवली, "सगळं एकातच" म्हणून. मी स्वतः निकॉनची १८-१४० की सिग्माची १७-५० एफ २.८, यात अडकले आहे. ज्यांनी वापरल्या आहेत त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी १८-१४० पाच वर्षं वापरली. प्रवासाला तिच्यासारखी लेन्स नाही, वजन अर्ध्या किलोच्या आत. पण तुमचं दुखणं उजेडाचं आहे, आणि तिथे तीही ५.६ वरच अडकते. १८-४०० तर लांबच्या टोकाला ६.३ होते आणि वजन ७०० ग्रॅमच्या पुढे. वर तो तूस, आणि लांब झूम बाहेर येताना-आत जाताना हवा ओढते. मी तरी तिला कारखान्यात नेणार नाही.

प्रतिसाद २

एक सोपं काम करा. आतापर्यंतचे फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि प्रत्येक फोटो कुठल्या फोकल लेंथवर (१८, ५५, ३०० यातल्या कुठल्या आकड्यावर) काढलाय ते बघा. लेन्स निवडताना आपण जे फोटो काढायची इच्छा आहे त्यांचा विचार करतो, जे रोज काढतो त्यांचा नाही.

नान्नजचं म्हणाल तर तो विषय वेगळाच ठेवा. माळरानावरचा पक्षी जवळ येऊ देत नाही, तिथे १४० काय किंवा ४०० काय, कमीच पडतं. त्या दिवशी आहे ती ७०-३००च लावून घरातूनच निघा. ती विकू नका.

धागाकर्ती

दादा, तुमचं ऐकून रात्री बसले. कारखान्याचे आणि घरचे मिळून ६१२ फोटो पाहिले. ४३८ फोटो १८ ते ५५ मधले निघाले, आणि त्यातले बरेच अगदी ५५ वर, म्हणजे अजून थोडं पुढे जायचं होतं असे. १०० च्या पुढचे जवळजवळ सगळे पक्ष्यांचेच. आता प्रश्न असा की १७-५० घेतली तर ५५ सुद्धा मिळणार नाही. ते खुपेल का?

प्रतिसाद ३

५० आणि ५५ मधला फरक एक पाऊल पुढे टाकून भरून निघतो. उजेडाचा फरक पावलाने भरत नाही. एफ ५.६ वरून २.८ वर आलात की चौपट उजेड आत येतो. तुमचा आयएसओ ६४०० चा फोटो त्याच शटरवर १६०० वर निघेल. हा फायदा झूमच्या लांबच्या टोकाला आहे, हे लक्षात ठेवा. १८ वर तुमची आत्ताची लेन्सही ३.५ ला उघडते, तिथे फारसं काही बदलणार नाही.

स्टॅबिलायझेशन आहे म्हणून १/१५ वर काढू नका. ते आपला हात सावरतं, मागावरच्या माणसाचा हात नाही. ट्यूबलाइटखाली शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. त्याहून जलद शटर घेतलं की एक फोटो पिवळट आणि दुसरा काळपट येतो.

मिरवणुकीत काठ्या उंच आणि गर्दी अंगावर असते, तिथे १७ चाच उपयोग. दारूकामाला ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८ आणि दोन-चार सेकंद. तिथे कुठलीही लेन्स चालते.

आणि बघा, सेकंडहँड बाजारात टॅमरॉनची जुनी १७-५० स्वस्तात दिसेल. तिच्या पहिल्या आवृत्तीत फोकसची मोटर नाही आणि डी५६०० च्या बॉडीतही नाही, म्हणजे फोकस हाताने करावा लागेल. सिग्माच घेत असाल तर दुकानातच ५० वर, २.८ ला वर्तमानपत्राचा फोटो काढून मोठा करून बघा. फोकस केला त्याच ओळीवर बसतोय का ते तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. ओळखीच्या एका फोटोग्राफरकाकांकडून सिग्मा शनिवारी दुपारपुरती मागून आणली. जड आहे, कॅमेऱ्याच्या बॉडीपेक्षाही जास्त, संध्याकाळपर्यंत मान दुखली. पण कांड्या भरणाऱ्या मावशींचा फोटो २.८, १/१०० आणि आयएसओ २५०० वर आला. बोटांवरचं सूत वेगळं दिसतंय. वडिलांना दाखवला तर त्यांनी माणसाकडे आधी पाहिलंच नाही, मागच्या मागाचा नंबर वाचला आणि म्हणाले, "हा माझा."

सिग्मा घेते आहे. वर्तमानपत्राची परीक्षा करूनच. आता एकच विचारायचं राहिलं: तूस पुढच्या काचेवर बसतो तो तिथल्या तिथे कशाने काढता? ओढणीने पुसायची सवय आहे, ती मोडायला हवी हे कळतंय. आणि ७७ मिमीचा साधा फिल्टर (लेन्सपुढची संरक्षक काच) कायम लावून ठेवला तर ट्यूबलाइटची चमक फोटोत येते का?

प्रतिसाद ३

हवेचा रबरी फुगा घ्या, आधी त्याने उडवा, मगच मायक्रोफायबर. पुसायची घाई केली तर तूस काचेवर घासला जातो. फिल्टर कारखान्यात लावा. यात्रेच्या रात्री मात्र काढून ठेवा, समोर दिवे असले की फोटोत दुसरे दिवे उमटतात.